रविवारचे पाहुणे

दिपालीला बघायला येणारे ते सातवे पाहुणे होते, त्यामुळे घरात धांदल अशी काही नव्हती. पहिल्या वेळी तिच्या आईनं, गोजरबाईनं, दोन शेजारणी मदतीला बोलावून लाडू काय, चकल्या काय, सगळा थाट केला होता. सातव्यापर्यंत गाडी पोहे आणि चहावर आली होती. दिपालीचंही तसंच. आठवडाभर ती बारामतीच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची, आणि रविवारी कळसला घरी बसून स्वतःला दाखवायची. पहिलं काम डोळे झाकून करता येत नाही. दुसरं येतं.

हे स्थळ समाजाच्या वधू-वर ग्रुपवरून आलं होतं. तिचा बायोडेटा आबांनी, म्हणजे तिच्या वडलांनी, म्हस्कूंनीच तिथं टाकला होता. त्यात घरच्या सगळ्यांची नावं, गाव, फोन नंबर आणि भावाच्या रकान्यात ‘शंभूराज, स्वतःची पिकअप’ असं ठळक अक्षरात लिहिलेलं होतं. शनिवारी फोन आला, उद्या येतो म्हणून. मुलगा काय करतो, असं आबांनी विचारलं तर पलीकडचा गृहस्थ ‘सरकारी नोकरीत’ म्हणाला. ते खोटं नव्हतं, एवढं त्या लोकांच्या बाजूनं म्हणायला हवं.

रविवारी अकराच्या सुमारास पांढरी गाडी दारात आली. मुलगा, मुलाचे मामा आणि मुलाची आत्या असे तिघं उतरले. ड्रायव्हर गाडीतच बसून राहिला. त्याला गोजरबाईनं दोनदा आत बोलावलं, तिसऱ्यांदा पोह्यांची बशी बाहेर नेऊन दिली. पाहुण्यांनी पाय धुतले, टेकले. गोजरबाईनं आत्याला कुंकू लावलं, ओटी भरली. आत्यानं पदर पुढं करून ती घेतली आणि वाकून नमस्कारसुद्धा केला.

दिपाली ट्रे घेऊन आली आणि पाटावर बसली. नाव, शिक्षण, मामाचं गाव. तिनं सगळं सांगितलं. मुलगा तिच्याकडं बघत नव्हता, त्याचं लक्ष दाराकडं होतं. आधीच्या सहा जणांनी तिला पायाच्या नखापर्यंत न्याहाळलं होतं, एकानं तर चालून दाखवायला लावलं होतं. हा मुलगा अवघडून बसला होता, चहाचा कप हातात तसाच. लाजतोय बिचारा, असं दिपालीला वाटलं. आणि खरं सांगायचं तर तो तिला आवडला.

“भाऊ दिसत नाहीत?” मामांनी विचारलं.

“मळ्यात गेलाय, मोटार चालू कराया,” आबा म्हणाले.

“भावाशिवाय कसं बोलायचं? पुढं सगळं तोच बघणार ना!”

आबा खूश झाले. इतक्या स्थळांत शंभूला एवढा मान कुणी दिला नव्हता. माणसं जाणती आहेत, असं त्यांनी गोजरबाईला डोळ्यांनीच सांगितलं आणि पोरीला म्हणाले, “दादाला फोन लाव.” दिपालीनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून फोन लावला.

“दादा, लवकर ये. पाव्हणं तुझ्यासाठी थांबल्यात.”

शंभूराज दहा मिनिटांत आला. हातपाय न धुता आत येऊ की नको, अशा विचारात असतानाच मुलानं उठून त्याचा हात हातात घेतला. घेतला तो सोडलाच नाही. मामा उठले, दार लोटून घेतलं आणि अगदी बेताच्या आवाजात म्हणाले, “आम्ही पोलीस. विजेच्या रोहित्रांच्या तांब्याच्या चोरीत याची गाडी आहे.”

 आबा म्हणाले, “सायेब, काय कागुद हाय का?”

“कागद नंतर. आत्ता गल्लीत तमाशा नको. पोरीला बघायला आले ते पोलीस निघाले, असं गावात झालं तर पोरगी उजवायची कशी, सांगा. हसत बाहेर यायचं. कुणी विचारलं तर म्हणायचं, पसंती झाली, भाऊ घर बघायला गेला.”

पसंती झाली की मुलीकडची माणसं मुलाचं घर बघायला जातात, ही आपली रीत. पण ती चार दिवसांनी, पाच माणसं मिळून, गूळ-नारळ घेऊन. पोहे खाल्ल्या खाल्ल्या भावाला गाडीत घालून नेत नाहीत. ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. आबा खरंच हसत बाहेर आले. गोजरबाई पदर डोक्यावर घेऊन दारात उभी राहिली. आत्या आणि मुलाच्या मध्ये बसून शंभू गाडीतून गेला. समोरच्या ओट्यावरून कुशाबाई ओरडल्या, “जमलं का गं?” त्यावर दिपालीनं उत्तर दिलं, “व्हय काकू. दादा घर बघाया गेलाय,” आणि ती आत जाऊन कपबश्या विसळत बसली. चार कप आणि पाच बश्या होत्या. तिनं त्या दोनदा विसळल्या.

सोमवारी ती कामावर गेली. का गेली, ते तिलाही सांगता आलं नसतं. आबा जिथं जिथं पोलीस बसतात तिथं तिथं फिरून आले. असा कुणी इथं नाही, हे उत्तर सगळीकडं सारखं मिळालं. घरी मात्र शेजारणी येत होत्या, घर कसं आहे, जमीन किती, नणंदा किती, असं विचारत होत्या. गोजरबाई उत्तरं देत होती. तिनं त्या दोन दिवसांत लेकीला दोन नणंदा आणि विहिरीचं पाणी दिलं.

मंगळवारी संध्याकाळी बातमी आली. सापळा रचून आरोपीला त्याच दिवशी दुपारी इंदापूरच्या एसटी स्टँडवर पकडलं, असं. बुधवारी त्याला कोर्टात आणलं तेव्हा दिपाली त्याच्याशी बोलली. तिनं तीनदा विचारल्यावर तो मान फिरवून म्हणाला, “ह्या बाजूनं बोल.” डाव्या कानाचा पडदा फाटला होता. तो जुनाच आहे, असं पोलीस पथकाचं म्हणणं पडलं.

बारामतीच्या वकील अंजुम मॅडमनी कागद चाळले. जामिनाचं बघू म्हणाल्या, आणि मग चष्मा काढून बसल्या.

“गाडी चोरीत वापरली की नाही, ते कोर्ट ठरवील. मी तुम्हाला त्याची हमी देत नाही. पण अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव दिसायला हवं. अटकेच्या कागदावर घरच्याची नाही तर गावातल्या कुणाची तरी सही हवी. चोवीस तासांत न्यायाधीशापुढं न्यायला हवं. रविवारी उचलला हे सिद्ध झालं, तर ते दोन दिवस आणि तो कान त्यांच्या अंगावर येतो. नाही झालं, तर मंगळवारच्या आधीच्या कशालाच ते जबाबदार नाहीत. रविवारी कुणी बघितलं?”

“आख्ख्या गल्लीनं,” आबा म्हणाले.

“काय बघितलं?”

 गल्लीनं पाहुणे बघितले होते. पोलीस कुणीच बघितले नव्हते. आणि पाहुणे होते असं गल्लीला घरच्यांनीच सांगितलं होतं.

तक्रार दिली, तशी ती बारामतीच्या एका यूट्यूब चॅनेलवर आली आणि चर्चेला ऊत आला. नाव नव्हतं, पण कळसमध्ये मुली बघायचे कार्यक्रम रविवारी कुणाकडं झाले, हे शोधायला कुणाला कष्ट पडले नाहीत. चहाच्या टपरीवर सर्जेरावांनी तोंड सोडलं. त्यांच्या मळ्यातलं रोहित्र एका वर्षात दोनदा फोडलं होतं, उभं पीक वाळलं होतं. “गणवेश घालून भोंगा वाजवीत गेलं तर चोर काय आरती घिऊन उभं राहत्यात व्हय? धरायचं तर असंच धराया पायजे.” त्यावर कुणी म्हणालं, उद्या चोरच पोलीस म्हणून पाहुणा झाला तर? मग साध्या वेशातल्या पोलिसांवर दोन दिवस घमासान झालं, साहेबांची मुलाखत झाली, ‘तपासाची गरज’ हे शब्द सगळ्यांना पाठ झाले. आसपासच्या दोन-चार गावांत बघायला येणाऱ्यांकडं आधार कार्ड मागायची टूम निघाली. लोक त्यावर हसले. शंभूच्या कानाबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

पथकाची चौकशी लागली. जबाबाला दिपाली लागणार होती, कारण त्या तिघांसमोर सर्वांत जास्त वेळ बसली ती तीच. आबांनी पहिल्यांदा नाही म्हटलं.

“तुझं नाव हुईल, बाय. मी सांगतो काय ते.”

“तुमी त्यांच्याकडं बघितलंच न्हाय आबा. तुमी माझ्याकडं बघत व्हता, मी नीट बसले का न्हाय म्हणून.”

यात शौर्याचं काही नव्हतं. तिला राग यायला हवा होता, तो येत नव्हता. भीतीही वाटत नव्हती. फोन आपण लावला, एवढं एक वाक्य तिच्या डोक्यात होतं आणि बाकी सगळं बधिर. रक्त काढताना लोक ‘दुखेल का’ विचारायचे, ती ‘नाही’ म्हणायची, आणि दुसऱ्याचं दुखणं आपल्याला असंच कळत नसणार, असं तिला वाटून जायचं.

चौकशी बारामतीत, एका सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. निवृत्तीला आलेले एक अधिकारी टेबलामागं बसले होते. एका बाजूला जामिनावर सुटलेला शंभू, आबा, अंजुम मॅडम आणि साक्षीला बोलावलेल्या कुशाबाई. दुसऱ्या बाजूला पथकातले तिघं. तिघंही कडक गणवेशात होते. मुलाच्या छातीवर नावाची पट्टी होती, आणि त्याचं खरं नाव दिपालीनं तिथं पहिल्यांदा वाचलं. आता तो तिच्याकडं सरळ बघत होता.

आपण त्या रविवारी कळसला गेलोच नाही, असं तिघांनी सांगितलं.

“तुम्ही यांना कशावरून ओळखता?” अधिकाऱ्यांनी दिपालीला विचारलं. “अर्धा तास बघितलेला माणूस. साध्या कपड्यात.”

“मी नीट बघितलं होतं.”

“कशासाठी?”

“मला ते पसंत होते,” दिपाली म्हणाली.

आबांनी मान खाली घातली. बाईनं, म्हणजे आत्यानं, टेबलावरची फाईल उगीचच सरळ केली. अधिकाऱ्यांनी लिहायचं थांबवून एकदा दिपालीकडं बघितलं आणि मग ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

“पण शेजाऱ्यांना तुम्हीच सांगितलंत, भाऊ घर बघायला गेला.”

“हो. मी खोटं सांगितलं. फोन करून त्याला मळ्यातनं बोलावलं, तेही मीच.”

मग कुशाबाईंना पुढं बोलावलं. त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. दिपालीनं काय सांगितलं, असं विचारल्यावर म्हणाल्या, “दादा घर बघाया गेलाय, आसं म्हनली.”

“तुम्हाला खरं वाटलं?”

कुशाबाईंनी दिपालीकडं बघितलं.  अंजुम मॅडम काही बोलणार, तेवढ्यात अधिकाऱ्यांनी हातानं थांबवलं.

“न्हाय,” कुशाबाई म्हणाल्या. “गडी अनवाणी व्हता. चिखलाच्या पायानं कोन सोयऱ्याच्या घरी जातंय? आन ह्या पोरानं,” त्यांनी गणवेशातल्या मुलाकडं बोट केलं, “ह्यानं त्याचं मनगाट धरल्यालं व्हतं, ते गाडीत बसल्याव बी सोडलं न्हाय.”

“मग तुम्ही ओरडला का नाहीत?”

“पोरीचं जमत व्हतं न्हवं सायेब. सात झाली. आपुन मधी बोलायचं आन मोडलं तर? समद्यांनीच बघितलं, समदी गप बसली.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “गल्लीच्या तोंडाला सर्जेरावांचा ट्रॅक्टर आडवा व्हता. गाडी तितं थांबली, चांगली पाच-सात मिन्टं. मीच पुढं जाऊन सर्जेरावाला म्हनलं, पाव्हण्यास्नी वाट द्या. त्येनी ट्रॅक्टर मागं घेतला.”

दिपालीला हे माहीत नव्हतं. ती तेव्हा कपबश्या विसळत होती. पाच-सात मिनिटं गाडी गल्लीतच होती. भोवती ओट्यांवर वीस-पंचवीस माणसं होती, ट्रॅक्टर होता. महिन्याभरात पहिल्यांदा तिला राग आला, आणि तो कुणाचा करायचा तेच तिला कळेना. समोर तिघं गणवेशात बसले होते. त्यांच्याकडं बघताना तिला दिसत होती ती आपलीच माणसं, बाजूला सरून वाट देणारी.

“गाडी थांबली तेव्हा शंभूराज काय करत होता?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“काचंतनं बघत व्हता आमच्याकडं. मला वाटलं, निरोप घेतोय.” कुशाबाई शंभूकडं वळल्या. “मी हात केला त्याला.”

शंभूराजनं उजवा कान पुढं केलेला होता. तो म्हणाला, “बघितला मी, काकू.”