शून्य सेकंदांची शर्यत

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. आहेत त्या फोर्ट्रान नावाच्या भाषेतल्या काही ओळी. धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या वस्त्यांत पाणी किती चढेल, हे मी सांगतो. धरणाच्या कार्यालयातल्या एका इंजिनिअर बाईंनी मला लिहिलं. माझं पहिलं उत्तर बरोबर आलं, तेव्हा त्या स्वतःशीच हसल्या होत्या. पुढे कितीदा तरी माझ्या शब्दावर माणसांनी वेळेत घरं सोडली.

बाई निवृत्त झाल्या आणि माझ्याकडे कोणी ढुंकून पाहीना. मग त्यांची भाचीच तिथे नोकरीला लागली. साहेब तिला म्हणाले, "हेच गणित पायथन या नव्या भाषेत लिहा आणि दोघांची शर्यत लावा. मागे पडेल तो काढून टाकू."

भाचीने नवा प्रोग्राम लिहिला. शर्यत बघायला मावशीला बोलावलं. उत्तर छापण्यात उगाच वेळ जातो, म्हणून तिने दोघांतलीही छापणारी ओळ काढली होती. नव्याचं होईपर्यंत साहेबांचा चहा गार झाला. मला लागले शून्य सेकंद. मावशीचा प्रोग्राम जिंकला म्हणून भाची आनंदली. मी मात्र शरमेने अर्धा झालो.

मावशी म्हणाल्या, "अगं, याला मी ओळखते. हा इतका चपळ कधीच नव्हता. उत्तर किती आलं?"

"ते छापलंच नाही, मावशी."

"मग त्याने गणित केलंच नसेल."

खरंच होतं ते. मला यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा कंपायलर भारी काटकसरी. उत्तर कोणालाच नको आहे, हे पाहून त्याने सगळं गणितच गाळलं होतं; नव्याकडे असा काटकसरी कोणी नव्हता.

भाचीने ओळ परत घातली. मी इमानाने राबलो, वेळ घेतला, तरी जिंकलो. पण पोरगी जिद्दीची. तिने नव्यातली आकडेमोड तयार प्रोग्रामांच्या एका संग्रहाकडे सोपवली. त्याच्या पोटात माझेच भाऊबंद, फोर्ट्रानमधले जुने प्रोग्राम, राबत होते. नवा माझ्या बरोबरीने धावला.

"मग आता जुना काढू," साहेब म्हणाले.

मावशींनी चष्मा काढून उगाचच पुसला. मला फार वाईट वाटलं.

"नको, साहेब," भाची म्हणाली. "नवा चुकला तर मला सांगणार कोण?"

आता रोज नव्याचं उत्तर माझ्या उत्तराशी ताडूनच पुढे जातं. संध्याकाळी मावशींचा फोन येतो, "म्हातारा काय म्हणतो?" आणि भाची माझा आकडा वाचून दाखवते.

मित्रांनो, म्हाताऱ्यांना किती वेळ लागतो ते खुशाल मोजा. पण उत्तरही विचारा. कोणी विचारणारं असलं, की आम्ही काम करतो.