वाघिणीचं जहाज

बायकोला जाऊन आठवडा होत आला होता. पाहुणे आपापल्या घरी परतले होते. रविवारी दुपारी प्लंबर स्वयंपाकघरात एकटाच चहाचा कप घेऊन बसला होता, तेवढ्यात फळीवर मिठाच्या बरणीला टेकवलेला तिचा टॅब ठणाणा करू लागला. तो बंद कसा करायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून तर टॅब इतके दिवस चार्जिंगलाच लागलेला होता. आवाज थांबावा म्हणून त्याने दिसेल ते बटण दाबलं.

"अगं वाघिणी, आहेस कुठे?" आतून एक पुरुष ओरडला. "जहाज बंदरात कुजतंय आणि कप्तान बेपत्ता!"

प्लंबर दचकला. बायको 'साता समुद्रापार' नावाचा खेळ खेळते एवढं त्याला माहीत होतं. त्यातून येणारे आवाज मात्र त्याला खेळण्यातल्या बाहुल्यांसारखे, आतच भरून ठेवलेले वाटायचे.

"तुम्ही... खरी माणसं आहात?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय, चिमटा काढून बघता?" दुसरीकडून एक बाई हसली. "मी दातांची डॉक्टर. तो ओरडणारा बेकरीवाला. तुम्ही कोण? ताईला द्या ना."

मग त्याला सांगावंच लागलं. "ताई वारली. गेल्या सोमवारी. झोपेतच."

बेकरीवाल्याच्या मागे पीठ मळायचं यंत्र घरघरत होतं, ते बंद झालं. मग डॉक्टरीण नाक ओढत म्हणाली, "दोन वर्षं दर रविवारी भेटत होतो हो. आणि आम्हाला कळवायला कोणी नाही."

"मला माहीतच नव्हतं," प्लंबर म्हणाला. ते खरंच होतं. चहा निवून गेला होता.

"भाऊजी," बेकरीवाला चाचरत म्हणाला, "ही बोलायची वेळ नाही, पण कप्तानाने आठवडाभर सुकाणूला हात लावला नाही, तर खेळ जहाज काढून घेतो. आज संध्याकाळी मुदत संपते. जहाजाला नावसुद्धा तिचंच आहे, 'वाघीण'. शेवटच्या बेटावरचं दीपगृह गाठायचं म्हणून वर्षभर धडपडत होती."

"वाघीण? झुरळ दिसलं की ती खुर्चीवर चढायची!"

"इथे चाच्यांच्या अंगावर जायची," डॉक्टरीण म्हणाली. "आणि काय एकेक शिव्या द्यायची! मी लिहून घ्यायला हव्या होत्या."

प्लंबरने चष्मा पुसला. बायकोच्या तोंडून त्याने आयुष्यात 'गाढवा'च्या पुढे काही ऐकलं नव्हतं, आणि तेही त्याच्यासाठीच राखून ठेवलेलं होतं.

"सुकाणू कुठंय?" त्याने विचारलं.

डावा अंगठा इथे, उजवा तिथे, असं त्या दोघांनी त्याला शिकवलं. पाइपची चाकी फिरवून फिरवून राठ झालेली त्याची बोटं काचेवर भलतीकडेच जात. जहाज आधी धक्क्याला धडकलं, मग एका होडीला, मग पुन्हा त्याच होडीला.

"भाऊजी, त्या होडीचं काही जुनं वैर आहे का तुमच्याशी?" बेकरीवाल्याने विचारलं.

कसंबसं ते खुल्या समुद्रात आले. तिकडे वादळ होतंच. लाट आदळली आणि डॉक्टरीण किंचाळली, "तळाला भोक पडलंय! पाणी शिरतंय!"

पाणी शिरतंय म्हटल्यावर प्लंबरचं डोकं चालेनासं झालं आणि हात चालू लागले. चाळीस वर्षांची सवय. गळती लागली की आधी मेन कॉक बंद, मग बाकीचं. त्याने सुकाणू सोडलं आणि डेकवर दिसलेलं मोठं गोल चाक गरागरा फिरवलं.

"काय करताय?"

"मेन बंद करतोय!"

"अहो, तो नांगर आहे! आणि बाहेर समुद्र आहे, त्याला कॉक नसतो!"

नांगर पडला, जहाज भर वादळात जागच्या जागी उभं राहिलं आणि लाटांनी त्याला आरामात झोडपलं. बघता बघता शिडाचं टोकही पाण्याखाली गेलं. पडद्यावर नुसता समुद्र राहिला.

प्लंबरने काचेवर दोन्ही अंगठे दाबून पाहिले. "तिचं जहाज बुडवलं मी. गेलं ना?"

"कुठलं जातंय! सोडून दिलेलं जहाज जातं, बुडालेलं बंदरात परत मिळतं," बेकरीवाला हसू दाबत म्हणाला. "तुम्ही सुकाणूला हात लावलात, झालं काम. आता प्रवास पहिल्यापासून, एवढंच. आणि वाईट नका वाटून घेऊ. ताईने पहिल्या दिवशी बंदरातच बुडवलं होतं. दोर सोडायच्या आधी!"

"खरं?"

"आणि वर आमच्यावरच डाफरली."

प्लंबर हसला. आधी नुसतेच खांदे हलले, मग खोकला येईपर्यंत हसला. ते दोघंही हसत होते, आणि मध्येच डॉक्टरीण म्हणाली, "थांबा, थांबा. तो टप टप आवाज... नळ अजून गळतोच का?"

त्याने मान वळवली. सिंकचा नळ गळत होता.

"दोन वर्षं ऐकतोय आम्ही," ती म्हणाली. "ताई म्हणायची, आमचे हे जगाचे नळ नीट करतात, घरचा नळ सोडून."

"पुढच्या रविवारच्या आत करतो," प्लंबर ओशाळून म्हणाला.

पुढच्या रविवारी त्याने पाना काढला, नवा वायसर काढला, सिंकपुढे उभा राहिला. तेवढ्यात टॅब ठणाणला. "भाऊजी, वारा चांगला आहे, चला लवकर!" त्याने पाना ओट्यावर ठेवला आणि स्टूल ओढून बसला. त्यानंतरचे रविवारही तसेच गेले. आता तो होडीला धडकत नाही. नांगराच्या चाकाला मात्र अजून हात जातो, आणि हात गेला की ते दोघं एकसुरात ओरडतात, "मेन नाही!"

दीपगृह अजून गाठायचं राहिलं आहे. नळ दुरुस्त करायचाही राहिला आहे.