मांडीवरची कोंबडी

“अगं मावशी, त्या कोंबडीला गोंजारतेस काय? ती पाहुणी नाही, जेवण आहे!” भट्टीतून पाव ओढता ओढता रिक्सेन्दा ओरडली.

अलाझाईस मावशी उंबऱ्यात बसून तपकिरी कोंबडीच्या मानेवरून बोट फिरवत होती. “तिला कुठं माहीत आहे ते,” ती म्हणाली.

रिक्सेन्दाला हसू फुटलं आणि लगेच मावळलं. आज तिच्या सेबेलियाचं लग्न होतं. मोंतरेदोची सामाईक भट्टी बावीस वर्षं तिच्या हातात होती. साऱ्या गावाचा पाव ती भाजायची आणि साऱ्या गावाची खोडीही तीच काढायची. लेकीच्या लग्नात नाचून नाचून चपला झिजवायच्या, असं तिनं कधीचं ठरवलं होतं. पण काल तुलूजहून धर्मतपासनीस पाद्री आर्नो येऊन टपकले आणि त्यांनी हुकूम सोडला, की लग्नाच्या कोंबड्या चुलीपाशी मारायच्या नाहीत. चर्चच्या अंगणात, त्यांच्या डोळ्यांदेखत, प्रत्येक बाईनं एकेका कोंबडीची मान पिरगळायची.

का, ते शेंबड्या पोरालाही कळत होतं. ज्यांना लोक ‘भल्या बाया’ म्हणत आणि चर्च पाखंडी ठरवी, त्या जीव मारत नसत, मांस खात नसत, शपथ घेत नसत आणि खोटं बोलत नसत. अलाझाईस मावशी चाळीस वर्षं भली बाई होती. गावाला हे ठाऊक होतं आणि गाव मूग गिळून बसलं होतं. वसंतात नदीपलीकडच्या गावात दोघी बहिणींना कोंबडी मारता आली नाही. आठ दिवसांत त्यांना जाळलं.

“आजारी पड ना गं,” रिक्सेन्दा म्हणाली.

“मी ठणठणीत आहे.”

“मग खोटं बोल!”

“तेवढंच येत नाही बघ.”

“मावशी, तू मेलीस तर जन्मात तुझ्याशी बोलणार नाही मी!” असं म्हणून रिक्सेन्दानं पिठाच्या हातानंच डोळे पुसले.

अंगणात बायका रांगेनं उभ्या राहिल्या. पिसं उडू लागली. शेजारच्या फाब्रिसाची कोंबडी हातातून सुटली ती थेट पाद्रीबाबांच्या झग्यात शिरली आणि हसून हसून बायकांच्या मुरकुंड्या वळल्या. ती पुन्हा धरून आणेपर्यंत सगळ्यांची भीती थोडी मोडली होती. मग मावशीची पाळी आली. ती दगडी बाकावर बसली, कोंबडी तिनं मांडीवर घेतली आणि तशीच राहिली.

“पिरगळ,” पाद्री म्हणाले.

“थांबा, पाद्रीबाबा!” रिक्सेन्दाच्या तोंडून निघून गेलं. पुढं काय बोलायचं, ते तिलाही माहीत नव्हतं. “ती मारायची नसते. रीत आहे आमची. नवरीच्या घरच्या सगळ्यात थोर बाईनं कोंबडी मांडीवर घ्यायची, नवरीनं येऊन तिचे हात सोडवायचे आणि कोंबडी जाईल तिकडं जाऊ द्यायची. मारली तर नवरीची कूस उजवत नाही.”

असली रीत मोंतरेदोत कुणी ऐकली नव्हती.

“होय तर!” फाब्रिसा म्हणाली. “माझ्या लग्नात तर ओढ्यापर्यंत गेली होती मेली. उगाच नऊ पोरं झाली होय मला?”

मग सगळ्यांच्याच जिभा सुटल्या. कुणाची कोंबडी छपरावर बसली होती, कुणाची सासरपर्यंत मागं आली होती.

“शपथ घ्याल?” पाद्रींनी विचारलं.

चौदा जणींनी घेतली. पवित्र ग्रंथावर रिक्सेन्दाचा पिठाचा पंजा उमटला. सेबेलियानंही घेतली, आणि पुढं होऊन तिनं मावशीचे हात हळूच सोडवले. कोंबडी पाद्रीबाबांच्या समोरून डुलत डुलत निघून गेली.

पण पाद्री काही दूधखुळे नव्हते. पंगतीत त्यांनी स्वतःच्या हातानं मावशीच्या ताटात तंगडी वाढली. “खा, आजी.”

“कशानं खाऊ, बाबा?” मावशीनं आ केला. औषधालाही दात नव्हता. पंगत खो खो हसली, पाद्रीही हसले आणि त्यांना ठसका लागला. हे तर खरंच होतं!

द्राक्षारसाची दुसरी सुरई पाद्रींच्या पोटात गेल्यावर रिक्सेन्दानं हळूच विचारलं, “पाद्रीबाबा, कोंबडी न मारणाऱ्या म्हातारीचं एवढं भय कशाला?”

“कोंबडीचं काय घेऊन बसलीस!” पाद्री म्हणाले. “लोक मरताना मला बोलावत नाहीत, असल्या म्हातारीला बोलावतात. ती डोक्यावर हात ठेवते आणि ते सुखानं डोळे मिटतात. बाईच्या हातून स्वर्ग मिळायला लागला, तर आमच्या दारात कोण येईल? एक जळली, की शंभर जण परत येतात.”

रिक्सेन्दानं त्यांचा पेला पुन्हा काठोकाठ भरला. मग बासरी वाजली, आणि चपलेचा पट्टा तुटेपर्यंत ती नाचली. मावशी बाकावर बसून टाळ्या वाजवत होती. इतका आनंद रिक्सेन्दाला आयुष्यात झाला नव्हता.

सकाळी मावशी गाठोडं घेऊन भट्टीशी आली. “माझ्यापायी चौदा जणी खोट्या बोलल्या.”

“पंधरा. नवरीला विसरलीस.”

मावशी बोळकं पसरून हसली. “तो पुन्हा येईल, रिक्सेन्दा. तेव्हा तुमच्या गळ्याशी येईल.” रिक्सेन्दानं तिच्या गाठोड्यात तीन गरम पाव कोंबले.

पुढच्या सुगीत मीठवाल्यानं बातमी आणली. कार्कासोन शहरात धर्मतपासनिसांनी एका म्हातारीच्या हातात कोंबडी दिली. तिनं ती गोंजारली आणि खाली सोडून दिली. रीत सांगायला तिथं कुणी नव्हतं. त्या दिवशी रिक्सेन्दा रडत रडत कणीक मळत होती. पाव खारट झाले होते, असं फाब्रिसा अजून सांगते.

पण महिन्याभरानं फाब्रिसाच्या लेकीचं लग्न निघालं, तेव्हा तिनं आपल्या सासूच्या मांडीवर कोंबडी आणून ठेवली.

“आता गं कशाला? पाद्री कुठंय?” सासूनं विचारलं.

“नसेना का. रीत आहे.”

तेव्हापासून मोंतरेदोत एकही लग्न त्याशिवाय लागलं नाही.

आज रिक्सेन्दाच्या नातीचं लग्न. दगडी बाकावर रिक्सेन्दा बसली आहे, तिच्याही तोंडात दात नाही. गावात नवीनच आलेल्या तरुण पाद्रीनं कौतुकानं विचारलं, “आजी, ही रीत किती जुनी?”

“पहिल्यापासूनची,” ती म्हणाली. तळहाताखाली कोंबडीचं काळीज धडधडत होतं. नातीनं येऊन तिची बोटं एकेक करून सोडवली. कोंबडी खाली उतरली, तिनं पंख झाडले आणि ती ओढ्याच्या वाटेनं सावकाश चालू लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत कुणीही पंगतीला बसलं नाही.