दोघांची बॅग

आमचे सुदर्शनराव त्या शनिवारी कंपनीतून आले ते गोड बोलतच आले. ते असं गोड बोलायला लागले की मी हातातलं काम बाजूला ठेवते, कारण पुढं काहीतरी निघणार असतं.

"प्रेरणा, चल, पैठणगेटला जाऊन येऊ. एक बॅग घ्यायचीय. मोठी, दणकट. तुला माल कळतो."

"कशाला बॅग?"

"पेंटबॉलच्या सामानाला. बंदुका, मास्क, हवेच्या टाक्या, जॅकेटं, सगळं एकीतच मावलं पाहिजे. दोघांचं."

"कोण दोघं?"

"माझं न् स्वरदाचं. पुण्याच्या स्पर्धेला आमचीच जोडी जाईल ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न झाल्यापासून आम्ही कुठं गावाला निघालो की बॅगा दोन. का, तर माझ्या साड्यांनी यांच्या शर्टाची घडी मोडते! आणि कंपनीतल्या या स्वरदाच्या मास्कशेजारी यांचा मास्क चालतो. चप्पल घातली न् निघाले.

हे पेंटबॉलचं खूळ वाळूजच्या यांच्या कंपनीत आदल्या वर्षी आलं. बंदुकीत रंगाच्या गोळ्या भरायच्या, पालथ्या ड्रमांच्या आड लपायचं न् समोरच्याला मारायचं. गोळी फुटून अंगावर रंग पडला की तो बाद. मैदान कुठं, तर बिडकीनला, माझ्या माहेरी. साहेबराव काकांची विहीर आटली, दोन वर्षं ज्वारी हाताला लागली नाही, शेजारच्या जमिनी इंडस्ट्रीत गेल्या, तेव्हा काकांनी आपलं रान या खेळवाल्यांना भाड्यानं देऊन टाकलं. त्याच रानात मी लहानपणी मचाणावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकललीत. कंपनीच्या फॅमिली डेला एकदा माझ्या हातात बंदूक आली, तर मी समोरचे सगळे साहेब रंगवून काढले. लई टाळ्या पडल्या. पण ते तेवढंच. त्यानंतर दर रविवारी स्वरदा मैदानावर जाते न् मी नळाला थांबते.

गारखेड्यात आमच्या गल्लीला आठवड्यातून एकदा पाणी, आणि आमचा वार रविवार. जायकवाडी धरण तळाला गेलेलं, इकडं शहर रोज नवी कॉलनी काढतंय, मग नळाला येणार काय, कपाळ? स्वरदा यांच्याच कंपनीत क्वालिटीत इंजिनिअर आहे. राहते बजाजनगरात, आणि तिच्याकडं रोज पाणी येतं. रोज! धुतलेले केस मोकळे सोडून यायची ती यांना न्यायला. मला त्या केसांचा हेवा वाटायचा, पण त्याहून जास्त तिच्या नळाचा. नळ असा असता तर यांच्या बाजूला गाडीत मी बसले असते. मला माझ्या त्या रानात जायचं होतं, यांच्यासोबत. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

पैठणगेटच्या दुकानात शिरताच सुदर्शनरावांनी काय केलं, तर फोन काढून व्हिडिओवर स्वरदाला घेतलं. म्हणजे पसंती माझी नव्हतीच, मी आपली पिशवी धरायला. ती तिकडून म्हणते, "ती जांभळी दाखवा ना, चाकांची! किती क्यूट आहे!"

"ढेकळांत चाकं चालत नसतात," मी फोनकडं न बघता म्हटलं. "दुसऱ्याच दिवशी मोडून हातात येतील."

मग मीच बॅगा बघायला घेतल्या. एकीची चेन ओढली तर मध्येच दात सोडत होती. दुसरीचे पट्टे नुसते वर टाके घालून लावलेले, दोन टाक्या ठेवल्या की उसवणार. तिसरीचं बूड पातळ, काट्याकुट्यात टिकायचं नाही. स्वरदाचं आपलं चालूच होतं, "बाजूला कप्पा हवा बरं का, माझे ग्लोव्हज ठेवायला." मी मुद्दाम कप्पा नसलेल्याच काढत गेले.

दुकानदार चाचा माझ्याकडं बघून हसले. माळ्यावरून एक काळी बॅग ओढून त्यांनी माझ्यापुढं टाकली. "भाभी, ये लेव. टरक की ताडपत्री का माल है. पट्टा नीचे से पूरा घूमके आया सो देखो. जोड सिला हुआ नै, चिपकाया हुआ है. पानी भरके रख्खो, एक बूंद नै गिरता."

मी ती आतून बाहेरून चाचपली. खरंच बेस होती. एक माणूस आत निजेल एवढी, तोंड वरून गुंडाळून बंद करायचं, कप्पा नाही, चाक नाही. दोघांनी दोन्हीकडून धरल्याशिवाय उचलली जायची नाही, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं. दोघांनी म्हणजे ह्यांनी न् तिनं. स्वतःच्या हातानं निवडून आणली मी ती! रात्रभर अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुढच्या रविवारी मैदानावर खेळून पुण्याला जाणारी जोडी पक्की व्हायची होती; जोडीत एक कंपनीचा असला की दुसरं घरचं माणूसही चालायचं. सकाळी नळ आला तो कधी नव्हे एवढा जोरात आला. टाकी भरली, रांजण भरला, हंडे, बादल्या, कुकर, पिठाचा रिकामा डबा, सगळं भरलं, तरी धार चालूच. भरायला आता काही उरलं नव्हतं. मी इकडंतिकडं बघितलं तर ओट्यावर ती काळी बॅग तोंड उघडून बसलेली. आत यांचे हातमोजे न् तिचे हातमोजे, एकाच जोडासारखे एकमेकांत घालून ठेवलेले. आदल्या दिवशी स्वरदा तिचं सामान टाकून गेली होती.

मी बॅग उलटी केली. बंदुका, मास्क, टाक्या, सगळं अंगणातल्या बाजेवर रिचवलं न् पाइप बॅगेत सोडला. चाचा खरं बोलत होते. गळ्यापर्यंत भरली, एक थेंब गळाला नाही.

तेवढ्यात गाडीचा हॉर्न. स्वरदा आत आली न् इकडून सुदर्शनराव अर्ध्या बादलीत आंघोळ उरकून बाहेर आले. दोघंही बॅगेकडं बघत राहिले.

"अगं, हे काय केलंस?"

"पाणी भरलं. दिसत नाही का?"

"आम्हाला निघायचंय ना! बॅग पाहिजे मला."

"न्या की. मी काय धरून ठेवलीय?"

त्यांनी पट्ट्याला हिसका दिला. बॅग जागची हलली नाही. स्वरदा घड्याळ बघत म्हणाली, "मग ओतून द्या ना. त्यात काय एवढं?"

सुदर्शनरावांनी तिच्याकडं असं बघितलं की मी सात जन्म विसरणार नाही. "ओतून? पाणी ओतून द्यायचं?"

भिंतीपलीकडून शेजारच्या भामाबाईनं पाइप धरल्या धरल्या मान वर काढली. "कोण ओतायलंय गं पाणी? कुठली हाय ही पोरगी?"

मला मनातून असं गार वाटलं म्हणून सांगू! काही झालं तरी माणूस माझ्याच घरचा. पण ते थोडाच वेळ. ह्यांनी कोपऱ्यातली दोन पोती उचलली न् सामान त्यात कोंबायला लागले. म्हणजे जायचं ते जायचंच.

"जा, जा," मी म्हटलं. "दोघं जा. आम्ही आहोतच इथं नळाला बांधलेले."

स्वरदा पोत्यात मास्क टाकता टाकता थांबली. तिचा चेहरा लाल झाला होता. "वहिनी, तुम्हाला काय वाटतं, मी तिथं मजा करते? दर रविवारी मी एकच ऐकते. प्रेरणा असती तर हा नेम चुकला नसता. प्रेरणा असती तर एवढ्यात तिघं बाद झाले असते. मी वर्षभर उन्हात करपतेय आणि कौतुक तुमचं! वीट आलाय मला तुमच्या नावाचा."

मी सुदर्शनरावांकडं बघितलं. ते पोत्याचं तोंड बांधत होते. जरा जास्तच वेळ बांधत होते.

"आज तुम्हीच जा," स्वरदा म्हणाली. गाडीची किल्ली तिनं ह्यांच्या हातात दिली न् पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्या हातातला पाइप ओढून घेतला. "दाखवा एकदा काय ते. मला पण बघायचंय, खरं आहे का नुसतंच बोलतात हे. नळाला मी थांबते."

आता हिच्या उपकारात राहायचं, हे काय सुखाचं होतं? पण रान डोळ्यांपुढं आलं न् मी पदर खोचून नव्हे, सरळ साडी बदलून ड्रेस घालून आले. निघताना बजावलं, "धार बारीक झाली की पाइप काढून तांब्यानं भर. आणि रांजणात हात घालू नको."

गाडीत गारखेडा मागं पडला तरी डोक्यात एकच. ही आता माझ्या स्वयंपाकघरात फिरत असेल. माझी भांडी, माझा रांजण, माझी भामाबाई. काय म्हणेल ती घर बघून! बिडकीनचा फाटा आला तेव्हा मी विचारलं, "खरं का ते?"

"काय?"

"मी असते तर, म्हणता ते."

"मग काय खोटं? तुझ्यासारखा नेम कंपनीत कुणाचा नाय."

"मग हे घरी सांगायला काय दातखीळ बसली होती?"

"सांगून काय उपयोग? तुला कुठं येता येतंय. रविवारी नळ असतो ना तुझा."

माझा! नळ माझा. मी तोंडच फिरवून घेतलं. बाहेर आमच्या शेजाऱ्यांच्या वावरातून नवा रुंद रस्ता गेला होता न् काकांची विहीर कोरडीठक्क दिसत होती.

मैदानावर साहेबांनी आमच्यासमोर दोन दांडगी पोरं उभी केली. मास्कमधून घाम गळत होता, पण पायाखालची ढेकळं माझ्या ओळखीची होती. मचाण होतं तिथल्या ड्रमामागं मी बसले. पहिला डोकावला, गेला. दुसरा पळाला, पळता पळता गेला. साहेबांनी शिट्टी वाजवून सांगितलं, "पुण्याला हीच जोडी!"

सुदर्शनराव ड्रमामागून उठून नाचायलाच लागले. "बघा! मी म्हणत नव्हतो? दर रविवारी म्हणत नव्हतो?"

सगळ्यांना म्हणत होता, बाबा. मलाच तेवढं नाही. मी नीट नेम धरला न् त्यांच्या पाठीवर मधोमध लाल गोळी फोडली.

"अगं ए! मी तुझ्या बाजूचा आहे!"

"व्हय? मग पुढच्या रविवारी नळाला तुम्ही थांबा," मी म्हटलं न् दुसरी मारली.