पाचपैकी पाच

आशा हे माणसाचं सगळ्यात मोठं औषध आहे. हे वाक्य पनवेलच्या एका रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये फ्लेक्सवर छापलेलं होतं. वाऱ्याने फाटू नये म्हणून फ्लेक्सला ब्लेडने भोकं पाडली होती आणि त्यातलं सगळ्यात मोठं भोक नेमकं 'औषध' या शब्दावर आलं होतं.

फ्लेक्सखाली सतरंजीवर अठरा बायका बसल्या होत्या. कुणाचा नवरा, कुणाची सासू. कॅन्सर प्रत्येकीच्या घरात होता. कार्यक्रम त्यांच्या मनाला उभारी देण्यासाठी होता आणि अर्थातच ऐच्छिक होता. फक्त शेवटच्या सहीशिवाय धर्मशाळेतली खोली पुढे मिळत नव्हती.

साळू सतरंजीच्या कडेला बसली होती, एक पाय चपलेत ठेवून. ती नेऱ्याच्या वरच्या वाडीतली. तिचा नवरा गोमा खाली अंगणात, चार नंबरच्या दारासमोर बाकड्यावर होता. जिभेच्या ऑपरेशननंतर त्याचा आवाज गेला होता आणि आज त्याचा पहिला शेक होता. रेडिएशनला तिथे सगळे शेकच म्हणत. चार नंबरचे वॉर्डबॉय मामा कागदात बघून नाव दोनदा पुकारत. 'हजर' ऐकू आलं नाही तर पुढचं नाव. गेलेला नंबर वीस दिवसांनी परत लागे. साळूने गोमाला ताटलीवर चमचा वाजवायला शिकवलं होतं, पण काल वॉचमनने चमचा काढून घेतला. रुग्णालयात शांतता पाळायची असते.

"मोबाईल या टोपलीत ठेवा हं सगळ्यांनी," समुपदेशक प्रांजल म्हणाली. "हा वेळ फक्त तुमचा आहे."

साळूने फोन टाकला. तिचा पाय हलायला लागला.

"कसली वळवळ करतेस गं?" शेजारची हाजरा कुजबुजली. ती उरणकडची, बहिणीला घेऊन आलेली. "मुंग्या चावतात काय?"

"खाली मानूस एकटा हाय माजा."

"माझी बहीण काय वरातीत बसलीय?"

प्रांजलने फॉर्म काढले. कार्यक्रमाआधी आशा मोजायची, नंतर पुन्हा मोजायची, आणि वाढलेली आशा वरच्या ऑफिसला कळवायची, अशी पद्धत होती. "पुढचे दिवस चांगले येतील असं किती वाटतं? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हाजराने हलक्या आवाजात खुलासा केला, "कमी सांगू नका हां. घरचीच थकली असं डॉक्टरला कळलं तर पेशंटवर औषध कोण घालवील?"

हे सगळ्यांना पटलं. अठरा जणींनी पाच सांगितले.

प्रांजलचा चेहरा उतरला. आशा आधीच काठोकाठ भरलेली असेल तर वाढवायची कुठून? ती साळूजवळ उकिडवी बसली. "मावशी, खरं सांगा. थोडं कमी वाटत असेल ना?"

"नाय."

"झोप लागते?"

"लय." साळू चार दिवस झोपली नव्हती.

"मग चार लिहू?"

"पाच."

"साडेचार?"

"पाचच लिव बाय. आनि लवकर आटप."

प्रांजलने मग सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "आपली आवडती, शांत जागा डोळ्यांसमोर आणा. तिथे कुणी तुम्हाला हाक मारत नाहीये..."

साळूच्या मिटल्या डोळ्यांसमोर चार नंबरचं दार आलं. टोपलीत कुणाचा तरी फोन वाजला. अठरा माना वळल्या. आणि त्याच वेळी खालून मामांचा आवाज आला.

"गोमा!"

साळू उठली ती सरळ खिडकीशी. गोमाने हात वर केला होता. मामा कागदात बघत होते.

"हाय!" ती वरून ओरडली. "गोमा हाय! हजर!"

मग कुणालाच धीर निघेना. आपलंही नाव निघालं असेल तर? बायका खिडकीवर कोसळल्या आणि प्रत्येकीने आपापल्या पेशंटची हजेरी दिली. मिनिटभरात अठरा पेशंट हजर झाले. त्यातले तीन गावाला होते.

साळू धावत खाली पोचली. गोमाचा हात अजून वरच होता. तिने तो धरून खाली घेतला.

"अगो, ओरडतेस कशाला?" मामा म्हणाले. "ज्यांची नावं घेतली त्यांनी घरी जायचंय. मशीन सकाळपासून बंद आहे. बुधवारी या."

साळू फोन न्यायला आणि सही करायला परत वर आली. हॉल रिकामा होता. सतरंजीवर प्रांजल एकटी बसली होती, मांडीवर फॉर्मचा गठ्ठा, डोळे ओले.

"काय झाला गो?"

"काही नाही, मावशी. वाढ दाखवायची असते. नाहीतर कार्यक्रम बंद करतील."

साळू तिच्याजवळ टेकली. आज पहिल्यांदाच तिचे दोन्ही पाय सतरंजीवर होते. "डॉक्टर वाचतो काय ह्यो कागद?"

"छे. डॉक्टर कशाला वाचतील?"

"मग आदी सांगायचा ना! पयल्याचा खोड. दोन लिव."

"आणि आत्ताचे?"

साळूने खिडकीतून खाली पाहिलं. गोमा बाकड्यावर होता, हात मांडीवर.

"आताचा पाच लिव. रडू नको. चाय पिलीस काय?"

अहवालात साळूची आशा तीन गुणांनी वाढली. बुधवारी मशीन बंदच होतं.