जप्त साहेब आणि धाग्याची भांग

निरीक्षक येणार म्हणून सोमवारी सकाळी सगुणाकाकूंच्या शेतातली भांग आपणहून रांगेत उभी राहिली. उंच झाडं मागं, बुटकी पुढं.

काकूंचं घराणं दोरखंड वळणारं. ही भांगही वळायचीच, घोटायची नव्हे. नशा शून्य पॉइंट तीन टक्क्यांपर्यंतच असेल तर पीक ठेवायचं, या अटीवर सरकारनं तालुक्यातला पहिला परवाना त्यांना दिला होता.

खंडागळे साहेबांनी बांधावर यंत्र मांडलं. एकेक झाड पुढं येई, यंत्रात पान ठेवी आणि मुकाट्यानं जागेवर परत जाई. शून्य पॉइंट एक. शून्य पॉइंट दोन. काकूंचा जीव भांड्यात पडतोय, एवढ्यात काटा शून्य पॉइंट नऊवर गेला. यंत्रात चुकून साहेबांचाच अंगठा गेला होता.

"सकाळी काय घेतलं होतंत?" काकूंनी विचारलं.

"चहा. बिनसाखरेचा." साहेबांनी नियमावली उघडली. "शेतात मर्यादेबाहेरचं काही सापडलं, तर ते जागीच जप्त. पंधरा दिवसांनी फेरतपासणी. तेव्हाही जास्त निघालं, तर सगळं पीक जाळायचं."

"अहो, मग तुम्ही बांधापलीकडं व्हा की!"

"जप्त माल हलवता येत नाही, काकू."

माणूस सचोटीचा. त्यांनी स्वतःचा पंचनामा स्वतः लिहिला, मनगटाला दोरी बांधून लाखेची मोहर लावली आणि तिसऱ्या ओळीत जाऊन उभे राहिले.

काकूंनी त्यांना पाणी घातलं, सावली केली, भाकरी भरवली. काटा ढिम्म. आठव्या दिवशी काकूंच्या ध्यानात आलं, की साहेब एखादं कलम बोलले की काटा चढतो आणि गप्प बसले की उतरतो.

"साहेब, पाया पडते, तोंड मिटा."

साहेबांनी मिटलं. कलम आठवलं की ते ओठ चावत. काटा शून्य पॉइंट सातावर आला, मग पाचावर. शेजारच्या झाडांनीही सळसळ थांबवली.

पंधराव्या दिवशी फेरतपासणीत काटा बरोब्बर शून्य पॉइंट तीनवर टेकला. काकूंनी पदरानं डोळे टिपले.

"झालं ना साहेब? राहिलं ना पीक?"

साहेबांनी नियमावलीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. अंगठा यंत्रात असतानाच निकाल, कलमासह, मोठ्यानं वाचून दाखवावा.

अख्ख्या शेतानं श्वास रोखला. साहेबांनी घसा खाकरला आणि तोंड उघडलं.