अकरा वेळा नीट टॉन्सिल

आमच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं नाव दारावरच्या पितळी पाटीवर आहे. इस्पितळाच्या तळघरात आम्ही कोडवाल्या त्यांना ‘जैसे थे’ म्हणतो. पेशंट समोर बसला की ते मागच्या भेटीची नोंद उचलतात, आजच्या तारखेखाली चिकटवतात आणि हात धुतात. हात मात्र फार मन लावून धुतात.

आमचं काम एवढंच, की डॉक्टरांनी लिहिलेला आजार वाचायचा आणि विम्यासाठी त्याला ठरलेला कोड लावायचा. तीव्र सायनसला जे-०१. बारा आठवड्यांच्या वर रेंगाळला की तो जुनाट, मग जे-३२. त्यातही कपाळाची पोकळी वेगळी, गालाची वेगळी. ज्याची त्याला खोली. डॉक्टरांनी लिहिलं नाही, ते आम्हाला दिसत असलं तरी दिसायचं नाही. दिवसभर डोळे फोडायचे आणि आंधळ्याचं सोंग घ्यायचं, अशी ही नोकरी.

सोमवारी आमच्या खिडकीशी एक बाई आली. हातात फाइल, फाइलीला केसांचं रबर गुंडाळलेलं.

“ताई, विम्याचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला हो. विमावाले म्हणतात, तीव्र आजार आहे, गोळ्यांनी बरा होईल, ऑपरेशन कशाला?”

“पेशंट कोण?”

“माझी लेक. चौदा महिने झाले, डावं कपाळ धरून बसलेली असते. आता पापणी सुजायला लागलीय. डॉक्टर तोंडाने सांगतात, डोळ्यापर्यंत जाईल, उशीर नको. गुरुवारची तारीखही त्यांनीच दिली. पण बुधवारपर्यंत मंजुरी नाही आली तर पुढची तारीख दोन महिन्यांनी.” तिने रबर बोटावर ताणलं, सोडलं. “दोन महिने तिचा डोळा थांबेल का हो?”

मी फाइल उघडली. अकरा भेटी, अकरा नोंदी: ‘तीव्र सायनस. कपाळ, गाल दाबल्यावर दुखत नाही. टॉन्सिल दोन्ही नीट. वय अठरा.’ एका आईची जुळी लेकरंही इतकी सारखी नसतात. पोर अठराची एकोणीस झाली, एकोणिसाची वीस झाली. तिने उशी बदलली, कूस बदलली, उजेड नको म्हणून पडदे बदलले. डॉक्टरांच्या कागदावर मात्र ती अठराचीच, हसरी, न दुखणारी. स्कॅनमध्ये डाव्या भुवईवरची पोकळी पांढरीफटक भरलेली होती. पण स्कॅनवरून कोड लावायची आम्हाला परवानगी नाही.

मी मनाने ‘जुनाट’ लिहिलं तर ती खोटी नोंद. डॉक्टरांना ‘जुनाट लिहा’ सांगितलं तर तेही नियमाबाहेर. त्यांच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. नुसतं विचारायचं. मी लेखी विचारलं: हा आजार तीव्र, जुनाट, की आणखी काही?

चार मिनिटांत उत्तर आलं. ‘तीव्र सायनस. कपाळ, गाल दाबल्यावर दुखत नाही. टॉन्सिल दोन्ही नीट. वय अठरा.’

शेजारच्या टेबलावरची धाकटी कोडवाली खुर्चीसकट सरकत आली. “मावशी, प्रश्नालाही तेच चिकटवलं? उद्या बायकोने विचारलं, भाजी कसली करू, तरी हेच पाठवतील.”

“पाठवू दे. निदान टॉन्सिल नीट आहेत, एवढं तरी कळेल तिला.”

हसता हसता मी थबकले. फाइल मागे मागे उलटत गेले. तीन वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला कागद सापडला: दोन्ही टॉन्सिल काढले. खाली सही होती, ऐसपैस, वेलांटीदार. जैसे थे यांचीच.

मंगळवारी मायलेकींना बोलावून घेतलं आणि वर गेले. ते हात धूत होते.

“मॅडम, तुमच्या क्वेरीला उत्तर दिलं ना मी? लगेच दिलं.”

“लगेचच दिलंत. एवढंच विचारायचं होतं, या मुलीचे टॉन्सिल परत उगवलेत का?”

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. नळ वाहतच राहिला.

“तुम्हीच काढलेत आणि तुम्हीच अकरा वेळा नीट बघितलेत. ही विसंगती नोंदी तपासणाऱ्या समितीकडे जाणार, तो नियमच आहे. या कागदांसोबत आजची खरी तपासणी जाईल की नाही, ते तुम्ही बघा. मुलगी बाहेर बसलीय.”

“आकडे लावता लावता तुम्हा लोकांना डॉक्टर झाल्यासारखं वाटायला लागतं.”

“छे हो. डॉक्टर झाले असते तर वाचत कशाला बसले असते?”

त्यांनी नळ बंद केला. मुलगी आत आली. त्यांनी डाव्या भुवईवर अंगठा टेकवला मात्र, ती कळवळून मागे सरली.

“दुखतं?” डॉक्टरांना खरंच नवल वाटलं.

“चौदा महिने तेच सांगतेय,” मुलगी म्हणाली.

मग त्यांनी टाइप केलं. एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत. ‘जुनाट सायनस, डावी कपाळाची पोकळी, चौदा महिने. दाबल्यावर दुखतं. डाव्या पापणीला सूज. टॉन्सिल पूर्वी काढलेले. वय वीस.’ एवढ्या ओळींसाठी एका पोरीने चौदा महिने कपाळ झिजवलं. मी खाली येऊन जे-३२.१ लावला. बुधवारी दुपारी मंजुरी आली, गुरुवारी ऑपरेशन झालं.

दहा दिवसांनी मुलगी आमच्या खिडकीशी आली. तिने दोन्ही भुवया उचलून दाखवल्या, आधी उजवी, मग डावी. फाइलीचं ते रबर आता तिच्या वेणीला होतं. मला वाटलं, माणूस एकदा खरं बघायला शिकला की शिकला.

“मावशी,” मागून धाकटी म्हणाली, “कानातला मळ काढायला आलेत ते रिटायर्ड पोस्टमन आजोबा, ते किती वर्षांचे असतील?”

“सत्तरी कधीच ओलांडली असेल. का गं?”

“इथे वीस लिहिलंय. डावी पापणी सुजलीय आणि चौदा महिने कपाळ दुखतंय.” तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. “आणि टॉन्सिल पूर्वी काढलेले.”

मी चष्मा पुसला, नोंदीची प्रत काढली आणि पुन्हा जिना चढायला लागले. वरून नळाचा आवाज येत होता.